एकतीस ग्रॅम आणि वर थोडं

इतवारीत ढोमण्यांच्या दुकानात
मी बाबांचा डबा उघडला.
बिस्किटांचा, पत्र्याचा. आत फ्लॅनेलचं कापड,
कापडात तेवीस गोल डब्या, आरपार दिसणाऱ्या.
प्रत्येकीत एक देश.

देश म्हणजे नकाशावर पेन झटकताना
शाई उडावी, तेवढे.
एकाची सगळी माणसं आमच्या हनुमाननगरच्या
चार गल्ल्यांत मावतील.
त्यांनी चांदीवर काय काय उठवलंय!
बर्फातला लांडगा, जिथे बर्फ पडत नाही.
युरोपातल्या कुठल्याशा गावची ट्राम,
तिला शंभर वर्षं झाली म्हणून.
काचेचा खडा बसवलेली मधमाशी.
आणि वाघ.
जिथे मांजरसुद्धा बोटीनंच आलं असेल
त्या बेटाचा वाघ,
पट्टे रंगवलेले, डावा डोळा किंचित तिरपा.
ताडोबा इथून अडीच-तीन तासांवर.
तिथे बाबा कधी गेले नाहीत.
या वाघासाठी सहा आठवडे
पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून होते.

खाली कोरलंय : दोन डॉलर.
दोन डॉलरला तिथे काय मिळतं, मी विचारलं होतं.
"पाव मिळत असन," म्हणाले, "पण हे देऊन नाही.
हे तिथं कोणी पाह्यलं पण नसन."
भलत्याच गावी पाडलं, भलत्याच गावी विकलं,
बेटानं नाव तेवढं दिलं,
लग्नपत्रिकेत दूरच्या काकांचं टाकतात तसं.
नावाचे म्हणून काही पैसे त्यांना पोचत असतील.
कुठल्या शाळेवरचा एखादा पत्रा
बाबांचा असेल,
खाली बसणाऱ्या पोरांना माहीत नसलेला.

बाबा वजनमापं खात्यात होते.
इन्स्पेक्टर निळकंठ हेडाऊ.
पहाटे कॉटन मार्केट, दुपारी किराणा ओळ,
पारड्याखालून बोट फिरवायचे :
चुंबक, मेण, चिंचेचा गोळा.
घरी आल्यावर बोलायचे नाहीत.
आई दवाखान्यात होती तेव्हाही
पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवल्या, बोलले नाहीत.
पण पार्सल आलं की
डबीसकट तोलायचे, डबीचं वजा करायचे,
आणि वहीत लिहायचे
३१.१
३१.१
३१.१
कुणीतरी, कुठेतरी, पुरतं माप देतंय
एवढ्यावर एखादा माणूस संध्याकाळभर
खुर्चीत पाय हलवत बसू शकतो.
मी हात पुढे केला की, "काहून उघडून राहिली?
बोट उमटते."

ढोमण्यांनी विचारलंही नाही, उघडली.
अंगठा थेट वाघाच्या कपाळावर.
"चांदीच्या भावात घेईन ताई. चित्राचे पैसे
इथं कोणी देत नाही. हे चालत नाही कुठंच."
मग डब्यातली वही चाळली. नावापाशी थांबले.
"हेडाऊ साहेब? त्यांनी सील ठोकलं होतं
आमच्या दुकानाले. एकोणनव्वदमध्ये.
गुंजभर कमी भरलं होतं माप.
आमचा बुढा इथंच, या पायरीवर, रडला होता."
मी डबा मिटायला घेतला.
ते उठले. समोरचा काटा बाजूला सारला,
मागच्या कपाटातून दुसरा काढला,
पुसला, शून्यावर आणला,
आणि शून्य माझ्याकडे वळवून धरलं.

मग सवयीनं, जशी चांदी पाहतात,
नाणं दगडी पाटावर टाकलं.
चौदा वर्षं डबीत होतं ते.
कुठल्या गल्ल्यात पडलं नाही, कुणाच्या मुठीत तापलं नाही,
कुणी त्याच्यावर छापा की काटा म्हटलं नाही.
समुद्र जिथून सगळ्याच बाजूंनी लांब
अशा या गावात
एक अख्खं बेट वाजलं.
बाहेर टेम्पो हॉर्न देत होता, त्याच्याखालूनही
वाजत राहिलं.

"एकतीस," ढोमणे म्हणाले, "आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं,
आणि काट्यावर वाकले.